पिंजऱ्यातलं मडकं काढून ठेवा



आजचा लेख लोणच्या-पापडाचा नाही, आणि गोड तर अजिबात नाही. गेलं वर्षभर मंडळाच्या ग्रुपवर आणि ओळखीपाळखीच्या स्टेटसवर एक मजकूर सारखा दिसतोय: "लव्ह बर्डची पिल्लं मिळतील. घरी वाढवलेली." कुणी गच्चीवर पिंजरे केलेत, कुणी जिन्याखाली. आमच्या मलकापुरात, म्हणजे कराडला लागूनच्या आमच्या या गावात, मागच्या बैठकीत तर हा 'घरबसल्या करता येणारा स्वच्छ उद्योग' म्हणून सुचवला गेला. मी नाक मुरडलं तेव्हा एका वहिनींनी विचारलं, "जबाबदारीनं केलं तर त्यात वाईट काय?" प्रश्न रास्त होता. चहाचे कप उचलता उचलता त्याचं उत्तर देता आलं नसतं, म्हणून इथं सविस्तर देते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जी पाखरं आज आपल्या घरात आहेत त्यांना शेवटपर्यंत नीट सांभाळा, पण त्यांची वीण वाढवू नका. जोडी लावून पिल्लं विकणं श्राविकेच्या घरात जबाबदारीनं करताच येत नाही. जबाबदारी पूर्ण निभावायची म्हटली तर धंदा उरत नाही, आणि धंदा टिकवायचा म्हटला तर अहिंसा उरत नाही.

आधी कोणतं पाखरू ते बघू

आपण 'पोपट' आणि 'लव्ह बर्ड' या दोन शब्दांत सगळी पाखरं कोंबतो. खरं तर त्यांत तीन वेगवेगळे गट आहेत आणि प्रत्येकाला कायदा वेगळा लागतो.

पहिला गट आपल्या देशी पोपटांचा. गळ्याला कंठ असलेला आपला राघू, आणि त्याच्याहून मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट. हे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. यांना पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "आमच्याकडे सासूबाईंच्या काळापासून आहे," "आम्ही त्याला 'णमो अरिहंताणं' म्हणायला शिकवलंय," ही उत्तरं तिथं चालत नाहीत. याची जोडी लावायचा तर विचारही नको. हिवाळा सरत आला की झाडांच्या ढोलीतून यांची पिल्लं ओरबाडली जातात, आणि कधी कधी तेवढ्यासाठी झाडाची फांदीच तोडली जाते. बाजाराच्या दिवशी फडक्याखाली झाकलेल्या टोपलीतलं पिल्लू कुठून आलं, हे विचारायचीही गरज नसते.

दुसरा गट बजीचा. बाजारात ज्याला लव्ह बर्ड म्हणून विकतात ते छोटं पिवळं, हिरवं, निळं पाखरू म्हणजे बहुतेक वेळा बजीच असतं. हा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानांवरचा पक्षी. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञानं १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तिथून जगभरच्या पिंजऱ्यांत पसरला. डोक्यावर तुरा आणि गालावर केशरी ठिपका असलेला कॉकाटीलही ऑस्ट्रेलियाचाच. खरा लव्ह बर्ड मात्र आफ्रिकेचा. बजी आणि कॉकाटील पाळायला आपल्याकडे बंदी नाही.

तिसरा गट महागड्या परदेशी पक्ष्यांचा: कोन्युर, मकाव, आफ्रिकन ग्रे, फिशर जातीचा लव्ह बर्ड. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि २०२४ मध्ये तिचे नियमही आले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या अशा जातींचा पक्षी घरात असेल तर त्याची सरकारकडे ऑनलाइन नोंदणी करावी लागते. पिल्लू झालं तरी कळवायचं, पक्षी मेला तरी कळवायचं, दुसऱ्याला दिला तरी कळवायचं. स्टेटसवर कोन्युरचे फोटो टाकणाऱ्या किती जणींना हे माहीत आहे?

आणि एक गोष्ट बजी विकणाऱ्यांसाठीही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये केंद्राचे नियम आले. त्यांत दुकान म्हणजे रस्त्यावरचा गाळाच असं नाही. विक्रीसाठी प्राणी ठेवलेली कोणतीही जागा त्यात येते आणि तिला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. 'घरबसल्या' म्हणून कायदा घराबाहेर थांबत नाही.

मडक्याचं गणित

पण समजा, सगळे कागद केले. तरी खरा प्रश्न पिंजऱ्यातल्या मडक्याचा आहे.

बजीची मादी एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. अंडं उबायला साधारण अठरा दिवस लागतात. अंडी एकाच दिवशी घातलेली नसल्यानं पिल्लंही एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. सगळ्यांत मोठ्या पिल्लाला पिसं फुटायला लागतात तेव्हा सगळ्यांत धाकटं अजून उघडंनागडं आणि आंधळं असतं. आई दमलेली असेल तर त्या धाकट्याला चारा मिळत नाही, कधी भावंडांच्या पायाखालीच ते जातं. मडक्यात खाली भुसा नसला तर पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. असं पिल्लू कुणी विकत घेत नाही. त्याचं पुढं काय होतं, हे विकणाऱ्या बाईला विचारून बघा. उत्तर सरळ येणार नाही.

साधारण पाच आठवड्यांत पिल्लं मडक्याबाहेर येतात, आणि ती पूर्ण सुटी व्हायच्या आतच मादी पुढची अंडी घालायला बसते. ही तिची हौस नव्हे. तिच्या मूळ देशात पाऊस पडला, गवताला दाणे आले की बजी वीण घालतात, दुष्काळ पडला की थांबतात. आपल्या पिंजऱ्यात बारा महिने राळ्याची वाटी भरलेली, पाणी भरलेलं आणि वर मडकं टांगलेलं. तिच्या शरीराला वाटतं सुकाळ आहे, आणि ते थांबायचं विसरतं.

प्रत्येक अंड्याचं कवच तिच्या अंगातल्या कॅल्शियमचं बनतं. खाण्यातून तेवढं मिळालं नाही की ते हाडांतून जातं. मग एखाद्या दिवशी अंडं आत अडकतं. पाखरू पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसतं, शेपटी वरखाली हलत राहते, आणि लवकर उपाय झाला नाही तर मरतं. गुरांचे डॉक्टर आपल्या तालुक्यात पुष्कळ आहेत. तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या पाखराचं अडकलेलं अंडं सोडवणारा माणूस रात्री दहा वाजता शोधून बघा.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या प्रत्येकीला एकामागून एक बाळंतपण म्हणजे काय हे ठाऊक आहे. स्वतः नाही भोगलं तर आजीचं ऐकलंय. "वर्षाला एक" असा पाळणा हलता ठेवणाऱ्या घरांबद्दल आपण काय बोलतो? तेच घर आपण जिन्याखाली मांडलंय.

आता आकडे बघा. एका जोडीला एका वेळी पाच पिल्लं आणि वर्षातून तीन वेळा वीण धरली, तर पंधरा पिल्लं. त्यांतल्या सात जोड्या लागल्या आणि जुनी जोडी चालू राहिली, तर दुसऱ्या वर्षी आठ जोड्यांची एकशे वीस. सगळी जगणार नाहीत, हा माझा कागदावरचा हिशोब आहे. पण यातली निम्मी जगली तरी साठ चांगली घरं कुठं आहेत? मलकापूर-कराडात ज्यांना पक्षी हवा होता त्यांच्याकडे तो केव्हाच आलाय. उरलेली पिल्लं मिळेल त्या भावानं दुकानदाराकडे जातात आणि एका पिंजऱ्यात तीस-चाळीस अशी उन्हात टांगली जातात. त्यातच सख्ख्या भावंडांच्या जोड्या लागतात, कारण सगळा माल एकाच घरचा असतो.

स्वयंपाकघराची परीक्षा

चांगले पक्षीपालक जबाबदारीनं वीण घेणं कशाला म्हणतात, तेही सांगते, म्हणजे मी एकतर्फी बोलते असं वाटायला नको. मादी निदान एक वर्षाची हवी. वर्षाला दोनच वेळा वीण, मग मडकं काढून विश्रांती. नात्यातली जोडी लावायची नाही. अधू पिल्लू जन्माला आलं तर ते आयुष्यभर आपण सांभाळायचं. विकलेलं पिल्लू परत आलं तर नाही म्हणायचं नाही. हे सगळं उत्तम आहे. पण यादी इथं संपत नाही, आणि पुढच्या तीन गोष्टी आपल्या ओट्यापाशी येऊन थांबतात.

पहिली गोष्ट, विणीच्या काळात मादीला आणि पिल्लांना प्रथिनांसाठी उकडलेलं अंडं कुस्करून द्यायची पद्धत आहे. बाजारात तयार 'एग फूड'ही मिळतं. पुडक्यावरचं नाव वाचा. कांदा-लसूण वेगळ्या पातेल्यातसुद्धा न शिजवणाऱ्या घरात ते कोणत्या डब्यात ठेवणार आहात?

दुसरी, कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला पांढरा पालथा होडीसारखा तुकडा अडकवलेला असतो, ज्याला समुद्रफेन म्हणतात. अनेकींना तो दगड वाटतो. तो समुद्रातल्या एका जिवाच्या अंगातला भाग आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जड. संख्या आवाक्यात ठेवायची तर जास्तीची अंडी काढून टाकायची, उकळून परत ठेवायची किंवा टोचायची, असा सल्ला दिला जातो. पक्षीपालकाच्या दृष्टीनं ही जबाबदारी. आपल्या दृष्टीनं ते काय आहे, हे मी सांगायला नको. पाणी गाळताना जिवाणी सांभाळणारा आपला हात पंचेंद्रिय जिवाच्या अंड्यात सुई घालणार आहे का? घालणार नसेल, तर पिल्लं वाढत जाणार. वाढत गेली, तर विकावी लागणार. विकली, तर त्यांच्या पुढच्या दुःखावर आपला ताबा राहत नाही. बाहेर पडायला चौथा दरवाजा मला तरी दिसत नाही. दिसतो तो एकच, सुरुवातीचा: मडकं टांगायचंच नाही.

"पण ताई..."

"पण ताई, बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे येतात." हा सगळ्यांत खरा मुद्दा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. मुलीच्या क्लासची फी, माहेरच्या लग्नातला आहेर, यासाठी दर वेळी नवऱ्यासमोर हात पसरावा लागू नये, ही इच्छा चूक नाही. पण हिशोब पुरा करा. राळे, बाजरी, पालेभाजी, औषधं, पिंजरे, आणि तुमचे सकाळ-संध्याकाळचे तास त्यात धरा. आपल्याच मंडळात खाकरा, सांडगे, सुका नाश्ता, जैन पद्धतीचे डबे करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या मालाला पुण्यापर्यंत मागणी आहे आणि रात्री त्यांचा माल कुणी मांजर खात नाही. बैठकीत पिंजऱ्यांसाठी वर्गणी काढायची भाषा झाली, ती त्यांच्या पॅकिंग मशीनसाठी काढू. मी माझा वाटा पहिला देईन.

"ती तर पिंजऱ्यातच जन्मली, तिला बाहेरचं काय ठाऊक?" ठाऊक नसणं आणि गरज नसणं, यात फरक आहे. पंख आहेत, उडायला बळ देणारे छातीचे स्नायू आहेत, थव्यात राहायची ओढ आहे. हे शरीर पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात राहूनही उडायलाच बनलेलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयानंही २०१५ मध्ये एका प्रकरणात पक्ष्यांना आकाशात उडायचा हक्क आहे असं म्हटलं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात तर ज्यात प्राण्याला नीट हालचाल करता येत नाही असा पिंजरा वापरणं हा गुन्हाच आहे.

"मुलांना जीवदया शिकायला मिळते." मुलं आपण बोलतो ते शिकत नाहीत, आपण करतो ते शिकतात. पिल्लाला नाव ठेवायचं, हातावर बसवायचं, आणि सव्वा महिन्यानं पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं. यातून मूल एवढंच शिकतं की लाडक्या जिवालाही किंमत असते आणि ती रुपयांत असते.

"पिल्लं होणं निसर्गच आहे." मग मडकं बाजारातून का आणावं लागतं?

आपण रोज म्हणतो तेच

आता धर्माचं. मी काही पंडित नाही, पण प्रतिक्रमण आपण सगळ्याच करतो. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सगळ्यांना पाठ आहेत. दिगंबर असो की श्वेतांबर, यात भेद नाही: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बैल-घोड्यांच्या काळातले आहेत म्हणून आपण ते भरभर म्हणतो आणि पुढं जातो. एकदा पिंजऱ्यासमोर उभं राहून सावकाश म्हणा.

बंध म्हणजे कोंडून ठेवणं. पिंजरा समोर आहे. छेद म्हणजे अवयव कापणं. उडून जाऊ नये म्हणून पंखांची पिसं कातरण्याची वेगळी कात्री आपल्यातल्या काही घरांत आहे. अतिभार म्हणजे झेपणार नाही इतका भार; वर्षभर अंड्यांवर बसवलेली मादी. अन्नपाननिरोध म्हणजे खाणंपिणं तोडणं. आपण लग्नाला सांगलीला जातो, दोन दिवस राहतो, वाटीतलं पाणी पहिल्याच संध्याकाळी घाण होतं. आणि हो, पर्युषणात आपल्या घरात हिरवी भाजी येत नाही म्हणून पाखरालाही दहा दिवस कोरड्या दाण्यावर ठेवणं, हा त्याचा उपवास नव्हे. व्रत घ्यायला त्याला कुणी विचारलेलं नसतं. राहिला वध, म्हणजे मारणं. टोचलेल्या अंड्याचं वर सांगितलंच.

जुन्या टीकाकारांनी यात समजूतदार फरकही केलाय. जनावर बांधावंच लागलं तर सैल बांधावं, आग लागली तर पटकन सोडता येईल असं, आणि शक्यतो बांधावं लागणार नाही अशीच जनावरं ठेवावीत. पिंजऱ्यातला पक्षी म्हणजे बांधल्याशिवाय ठेवताच येत नाही असा जीव.

आणि विकण्याबद्दल? बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपालासाठी 'योगशास्त्र' रचलं. त्यात श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे, म्हणजे पंधरा कर्मादानं, सांगितली आहेत. त्यांतल्या असतीपोषणात पैशासाठी काय काय पाळू नये याची यादी येते, आणि तिच्यात मैना आणि पोपट नावानिशी आहेत. नऊशे वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणीतरी विचारला असणार आणि त्याचं उत्तरही दिलं गेलं. आपण मात्र त्याला 'नवीन गृहउद्योग' म्हणतोय.

मग सोडून देऊ का?

नाही! इथं मला दुसऱ्या बाजूच्या बहिणींशीही भांडायचंय. हा लेख वाचून कुणी भावनेच्या भरात गच्चीवर जाऊन पिंजऱ्याचं दार उघडू नये. बजीला आपल्याकडचं दाणापाणी शोधता येत नाही. पिवळाधमक पक्षी कावळ्याला आणि घारीला लांबून दिसतो. ते अभयदान ठरत नाही, हळूहळू दिलेला मृत्यू ठरतो. आचार्य हीरविजयसूरी १५८३ मध्ये फतेहपूर सिक्रीला गेले आणि त्यांच्या प्रभावानं अकबरानं पिंजऱ्यातले पक्षी सोडले, हे आपण अभिमानानं सांगतो. पण रानातून धरून आणलेल्या पाखराला रान ओळखीचं असतं. ऑस्ट्रेलियाच्या जातीचं, पिंजऱ्यात जन्मलेलं पाखरू आगाशिवच्या डोंगराकडे सोडून त्याला घर मिळत नाही.

तसंच महावीर जयंतीला किंवा पर्युषणात बाजारातून मुनिया-पोपट विकत घेऊन सोडण्याचं. भाव उत्तम आहे, पण पारध्याच्या दृष्टीनं आपण फक्त गिऱ्हाईक आहोत. त्याला पैसे मिळाले की तो पुढच्या सणासाठी जास्त जाळी लावतो. पकडताना आणि आणताना मेलेली पाखरं आपल्याला दिसत नाहीत. देशी पक्षी विकायला ठेवलेले दिसले तर पाकीट काढू नका, फोन काढा. महाराष्ट्र वन विभागाचा क्रमांक १९२६ आहे. घरात जुना देशी पोपट असेल तरी वन विभागालाच विचारा. पंख कातरलेल्या, वर्षानुवर्षं बसून राहिलेल्या पोपटाला आधी उपचार आणि उडायचा सराव लागतो.

दिल्लीत चांदणी चौकाजवळ लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाचं पक्ष्यांचं रुग्णालय आहे. जखमी पक्षी तिथं फुकट बरे केले जातात. जीवदयेची हौस असेल तर हा रस्ता आहे: जखमी पाखरासाठी खर्च करायचा, नवं कोंडलेलं पाखरू जन्माला घालण्यासाठी नाही.

घरात आहेत त्यांच्यासाठी

ज्यांच्याकडे बजी, कॉकाटील आहेत त्यांनी एवढं करा.

मडक्यात आत्ता अंडी किंवा पिल्लं असतील तर हात लावू नका. ती होऊ द्या, पिल्लं बाहेर येऊन स्वतः दाणे टिपायला लागू द्या. त्या दिवशी मडकं काढा आणि परत टांगू नका. मडक्यासारखी अंधारी जागा, वाटी, डबा, पुठ्ठ्याचं खोकंही ठेवू नका.

नर आणि मादी वेगळे ठेवा, पण एकटं ठेवू नका. नर नरांत, मादी मादींत, एकमेकांचा आवाज येईल असे. पिकलेल्या बजीत नराच्या चोचीवरचा नाकाचा भाग बहुधा निळा आणि मादीचा तपकिरी असतो. काही रंगांच्या जातींत हे चुकतं, म्हणून जाणकाराला दाखवून घ्या. मादी नर नसतानाही कधी अंडं घालते. त्यात जीव नसतो, घाबरू नका.

दिवस मावळला की पिंजऱ्यावर सुती कापड टाका आणि दहा-बारा तास झोपू द्या. रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट आणि टीव्ही चालू राहिला की शरीराला विणीचा लांब दिवस वाटतो. तसंही पाखरं सूर्यास्तानंतर खात नाहीत. चौविहाराच्या बाबतीत ती आपल्यातल्या पुष्कळ जणींपेक्षा पक्की आहेत.

पिंजरा उंच गोल नको, आडवा लांब हवा, म्हणजे दोन पंख मारता येतील. जमेल तितकं रोज दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून खोलीत उडू द्या. पंख कातरू नका.

नुसते राळे-बाजरी पुरत नाहीत. मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, भिजवून मोड आणलेलं धान्य द्या. गाजर आणि मोड तुमच्या घरात चालत नसतील तर मेथी-कोथिंबिरीवर आणि मक्याच्या कोवळ्या कणसावर भर द्या. समुद्रफेनाऐवजी खनिजांचा ठोकळा मागा, आणि तो कशाचा आहे ते वाचून घ्या. पाणी दिवसातून दोनदा बदला.

पिंजरा स्वयंपाकघरात नकोच. टेफ्लॉनचा लेप असलेला नॉनस्टिक तवा रिकामा राहून खूप तापला की त्यातून निघणाऱ्या वायूनं पाखरं काही मिनिटांत मरतात, आपल्याला वासही येत नाही.

बजी पाच ते दहा वर्षं जगतो, लव्ह बर्ड दहा ते पंधरा. मूल सहावीत असताना घेतलेलं पाखरू ते कॉलेजला गेलं तरी तुमच्याकडेच असणार आहे, आणि मुलानं नाद सोडल्यावर त्याची वाटी तुम्हीच भरणार आहात. तेवढं करा. तेच खरं पाळणं.

आणि राघूचा लळा असेल तर त्याला बाहेरच भेटा. अंगणातला, रस्त्याकडेचा जुना वड-पिंपळ ढोलीसकट राहू दे. "वाळलीय" म्हणून फांदी तोडायला आलेल्या माणसाला आधी ढोलीत कुणी आहे का ते बघायला लावा. गच्चीवर मातीच्या पसरट परळात पाणी ठेवा आणि ते रोज धुवा. सकाळी थवा ओरडत येईल, पिकलेल्या पेरूची नासाडी करेल, आणि तुमच्या परवानगीशिवाय निघून जाईल.

पुढच्या बैठकीत मी लेखी ठराव मांडणार आहे: मंडळाच्या ग्रुपवर पाखरांच्या पिल्लांची जाहिरात घ्यायची नाही, आणि गृहउद्योगाच्या यादीतून हा उद्योग काढायचा. कुणाला विरोध करायचा असेल तर जरूर करा, उत्तर द्यायला मी आहे. फक्त येण्याआधी आपापल्या पिंजऱ्यातलं मडकं काढून या.

जय जिनेंद्र.